वायफायचं कार्ड खरंच गेलंय का?

या महिन्याच्या टपालात वायफायची पत्रं बरीच आहेत. चिपळूणच्या एका शिक्षिकेचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच पत्रात आहे, फक्त चार ठिकाणी विखुरलंय. म्हणून त्या पत्राला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या सहा वर्षांच्या लॅपटॉपवर भाच्याने विंडोज आणि उबंटू (विंडोजसारखीच एक लिनक्स प्रणाली) दोन्ही टाकून दिलंय. रोजचं काम उबंटूवर करते, कारण ते पटकन उघडतं. शाळेचा प्रिंटर उबंटूत चालत नाही, म्हणून शनिवारी दुपारी विंडोज उघडून आठवड्याच्या प्रिंट काढते आणि लॅपटॉप बंद करून घरी नेते. गेल्या तीन महिन्यांपासून अधूनमधून वायफाय गायब होतं. सोमवारी हमखास. शाळेचं नेटवर्क नाही, माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट नाही, यादीच रिकामी. ब्लूटूथचा स्पीकर मात्र चालतो. कधी डी ड्राइव्हमधली फाइल उघडते, पण सेव्ह होत नाही. एकदा चार्जर घरी राहिला आणि बॅटरी पूर्ण उतरून लॅपटॉप बंद पडला, तर दुसऱ्या दिवशी वायफाय आपोआप आलेलं! दुकानात नेला तेव्हा नेमकं वायफाय नव्हतं. त्यांनी मदरबोर्ड गेला असं सांगून ८,५०० रुपये खर्च सांगितला. सुरू होताना स्क्रीनवर येणाऱ्या ओळींचा फोटो सोबत पाठवते. काय करू?
— एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : बाई, आधी हे सांगते : ८,५०० रुपये देऊ नका. तुमचा मदरबोर्ड ठणठणीत आहे आणि माझ्या अंदाजाने वायफायचं कार्डही. तुम्ही फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. त्यात खालून चौथ्या ओळीत ‘फेल्ड टू स्टार्ट इनिट यूकोड’ असं लिहून पुढे उणे ११० हा आकडा आहे. सगळी गोम त्या आकड्यात आहे.

तो समजायला कार्ड काम कसं करतं ते थोडं बघावं लागेल. लॅपटॉपमधलं वायफायचं कार्ड म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ३० मिलिमीटर लांब अशी हिरवी किंवा काळी पट्टी. पोस्टाच्या तिकिटाएवढीच. पण तिच्यात स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो, स्वतःची मेमरी असते. त्या प्रोसेसरने काय करायचं, नेटवर्क कसं शोधायचं, कुठल्या वेळी किती ताकदीने लहरी सोडायच्या, हे सांगणारा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. फर्मवेअर कार्डात कायमचं कोरलेलं असतं, असा बहुतेकांचा समज असतो. लॅपटॉपच्या बऱ्याचशा कार्डांत ते तसं नसतं. तुमच्या फोटोत दिसतंय त्या इंटेलच्या कार्डातही नाही. ते हार्ड डिस्कवर एका फाइलमध्ये असतं. उबंटूत ‘लिब’ नावाच्या फोल्डरात ‘फर्मवेअर’ नावाचं फोल्डर आहे, तिथे अशा शेकडो फाइली असतात. लॅपटॉप सुरू झाला की ड्रायव्हर, म्हणजे उबंटू आणि कार्ड यांच्यातला दुवा असलेला प्रोग्राम, त्यातली नेमकी फाइल उचलतो आणि कार्डाच्या मेमरीत ओततो. मग कार्ड ‘मी तयार आहे’ असं कळवतं आणि तुम्हाला यादी दिसते. कार्डाचा करंट तुटला की ते सगळं विसरतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

आता आकडे. लिनक्समध्ये उणे २ म्हणजे मागितलेली फाइल सापडलीच नाही. उणे ११० म्हणजे वाट पाहिली, पण वेळेत उत्तर आलं नाही. तुमच्याकडे फाइल आहे, ड्रायव्हरने ती कार्डाकडे नेली, पण कार्डाने ‘तयार आहे’ असं कळवलंच नाही. ते आधीच कुठल्यातरी अर्धवट अवस्थेत अडकून बसलं होतं.

कोणी अडकवलं? तुमचा शनिवार बघा. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. आपण ‘शट डाउन’ करतो तेव्हा विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपले प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर उतरवून ठेवला जातो, म्हणजे पुढच्या वेळी तो लवकर उभा राहतो. त्या गाभ्याच्या लेखी वायफायचं कार्ड अजून त्याच्याच ताब्यात असतं. सोमवारी तुम्ही उबंटू उघडता. उबंटूचा ड्रायव्हर कार्डाला पहिल्यापासून सुरू करायला बघतो आणि कार्ड प्रतिसाद देत नाही. डी ड्राइव्हवर फाइल सेव्ह होत नाही, त्याचंही मूळ हेच. विंडोज अर्धवट झोपलेलं दिसलं की उबंटू तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतो, त्यात लिहू देत नाही. हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला खात्री पटली ती त्याच वाक्याने. मदरबोर्डच्या बिघाडाने वायफाय आणि डी ड्राइव्ह दोघे मिळून सोमवारीच रुसत नाहीत.

बॅटरी उतरल्यावर वायफाय परत का आलं, हेही आता लक्षात येईल. लॅपटॉप बंद असला तरी बॅटरी भरलेली असेल तोवर आतल्या काही भागांना थोडा करंट मिळत राहतो. तो पूर्ण तुटला, कार्ड सगळं विसरलं, आणि सकाळी कोऱ्या पाटीसारखं उबंटूपुढे आलं.

आता काय करायचं ते. विंडोज उघडा. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’, तिथे डाव्या बाजूला ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’. पुढच्या पानावर वरती एक निळी ओळ असते, ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’. तिच्यावर क्लिक केल्याशिवाय खालचा चौकोन बदलू देत नाही, आणि बरेच जण इथेच अडतात. मग ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ समोरची बरोबरची खूण काढा आणि सेव्ह करा. विंडोजचं मोठं अपडेट आल्यावर ही खूण परत आलेली मी पाहिली आहे, तुमचा त्रास तीन महिन्यांपूर्वीच सुरू झाला तोही बहुधा त्यामुळेच. म्हणून अधूनमधून तपासत राहा. घाईत असाल तर ‘शिफ्ट’ दाबून धरून ‘शट डाउन’वर क्लिक करा, तेवढ्या वेळेपुरतं विंडोज पूर्ण बंद होतं.

त्यानंतर एकदाच कार्डाचा करंट तोडा. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, बॅटरी बाहेर निघणारी असेल तर तीही काढलेली. पॉवरचं बटण सावकाश ३० आकडे मोजेपर्यंत दाबून धरा. बॅटरी आतच बसवलेली असेल तरी बऱ्याच लॅपटॉपांत एवढ्यानेही काम होतं. मग चार्जर लावून थेट उबंटू सुरू करा.

हे मी इतकं लांबवून लिहितेय त्याला कारण आहे. २०१६ मध्ये पाटण तालुक्यातल्या एका गावातून एक मुलगा माझ्या कऱ्हाडच्या दुकानात लॅपटॉप घेऊन आला होता. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता आणि प्रोजेक्ट जमा करायला चार दिवस उरले होते. वायफाय दिसत नव्हतं. मी मागचं झाकण उघडलं, कार्ड बदललं, वायफाय आलं, १,२०० रुपये घेतले. तिसऱ्या दिवशी तो परत आला, नव्या कार्डाचंही तेच. तेव्हा कुठे मी स्क्रीनवरच्या ओळी नीट वाचायला बसले. कार्ड बदलताना मी बॅटरी काढली होती, म्हणजे करंट तुटला होता. वायफाय आलं होतं ते त्याने, नव्या कार्डाने नव्हे. त्याचं जुनं कार्ड मी दुसऱ्या लॅपटॉपमध्ये घालून महिनाभर चालवलं, एकदाही अडलं नाही. त्याचे पैसे मी परत दिले, पण त्याचे तीन दिवस मला परत देता आले नाहीत. तेव्हापासून माझ्या टेबलावर नियमच आहे : ओळी वाचल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा नाही.

तुमच्यासारखाच त्रास असलेल्या, पण उणे ११० ऐवजी उणे २ दिसणाऱ्या वाचकांसाठी थोडं. टर्मिनल उघडा (कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबून), ‘सुडो’ लिहा, एक जागा सोडा आणि डी, एम, ई, एस, जी ही पाच अक्षरं लहान लिपीत लिहून एंटर मारा. खूप ओळी धावतील. त्यात ‘फर्मवेअर’ शब्द असलेल्या ओळी शोधा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. इंटेलच्या कार्डांचा ड्रायव्हर आधी सगळ्यात नवीन क्रमांकाची फाइल मागतो. ती नसेल तर एक पायरी खाली, तीही नसेल तर आणखी खाली. समजा ७७ मागितली, नाही, ७६, नाही, असं करत ७२ सापडली. तर उणे २ च्या पाच ओळी दिसतात आणि खाली गुपचूप ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ अशी एक ओळ असते. ती असेल तर वरच्या पाच ओळींत काळजीचं काही नाही. लोक त्या पाच ओळी पाहूनच कार्ड काढायला लागतात, याचं मला वाईट वाटतं.

शेवटपर्यंत उणे २ च असेल तर फाइल खरंच नाही. उबंटूत ‘लिनक्स-फर्मवेअर’ हे पॅकेज नव्याने टाकलं की काम होतं. डेबियन (उबंटूसारखंच दुसरं लिनक्स) वापरणाऱ्यांना पूर्वी हा त्रास ठरलेला होता, कारण मूळ सोर्स कोड खुला नसलेलं फर्मवेअर ते मुख्य सीडीत देत नसत. २०२२ मध्ये त्यांच्या सभासदांनी मतदान करून हे बदललं, आणि १० जून २०२३ ला आलेल्या डेबियन १२ पासून ते सोबतच येतं. जुनी पेनड्राइव्ह वापरत असाल तर ती बदला.

आणि वायफाय नसताना पॅकेज उतरवायचं कसं? मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. अँड्रॉइड फोन असेल तर उबंटूला वेगळं काही टाकावं लागत नाही, लॅन केबल लावल्यासारखं इंटरनेट सुरू होतं. मात्र केबल डेटा नेणारी हवी. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात.

फक्त विंडोज वापरणाऱ्यांकडे फर्मवेअर ड्रायव्हरच्याच पुडक्यात येतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर पिवळा त्रिकोण आणि ‘कोड १०’ दिसत असेल, तर आधी वर सांगितल्याप्रमाणे करंट तोडा. त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल तर कार्डावर दोनदा क्लिक करून ‘ड्रायव्हर’ या पानावरचं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. झोपेतून उठल्यावरच वायफाय जात असेल तर शेजारच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’च्या पानावर, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी देणारी खूण असते, ती काढा.

आता कार्ड खरंच गेलं हे कधी म्हणायचं? टर्मिनलमध्ये लॅपटॉपमधल्या भागांची यादी दाखवणाऱ्या ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेत त्याचं नावच येत नाही, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्येही नाही, आणि ब्लूटूथही गेलंय. दोन्ही एकाच पट्टीवर असतात. तुमचा स्पीकर वाजतोय म्हणजे पट्टी जागेवर आहे आणि तिला करंटही मिळतोय. तरीही चिपळूणच्या हवेसाठी एक सांगून ठेवते. कोकणातून येणाऱ्या लॅपटॉपांत कार्डाचे खाचेत जाणारे सोनेरी दात काळवंडलेले मला वरचेवर दिसतात. पुढे कधी कार्ड पूर्ण गायब झालं तर ते काढून दात पांढऱ्या खोडरबराने हलके घासायचे, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसायचे, वाळवायचे आणि परत बसवायचे. नवीन कार्डाचा विचार त्यानंतर.

येत्या शनिवारी प्रिंट काढून झाल्या की आठवणीने ती खूण काढा, आणि सोमवारी काय झालं ते मला जरूर कळवा.

प्रश्न : माझ्या एएमडी प्रोसेसरच्या लॅपटॉपमधलं वायफाय हळू होतं, म्हणून इंटेलचं एएक्स २०१ कार्ड ऑनलाइन मागवून बसवलं. खाचेत बरोबर बसलं, पण लॅपटॉपला ते दिसतच नाही. तीन वेगवेगळी फर्मवेअर टाकून पाहिली. कोणतं टाकू?
— एक विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : कोणतंही टाकू नका, परत करण्याची मुदत संपण्याआधी कार्ड परत पाठवा. एएक्स २०१ हे अर्धंच कार्ड आहे. त्याचा उरलेला अर्धा भाग ठरावीक इंटेल प्लॅटफॉर्मच्याच आत असतो, त्यामुळे एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ते कधीच चालणार नाही. खाच सारखीच दिसते, म्हणून फसायला होतं. तुम्हाला हवं ते एएक्स २०० किंवा एएक्स २१०. ही पूर्ण कार्डं आहेत आणि एएमडीवरही चालतात. मागवण्याआधी एक तपासा : काही जुन्या लॅपटॉपांचं बायोस (लॅपटॉप सुरू करणारा, मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्राम) ओळखीची कार्डं सोडून दुसरी स्वीकारत नाही आणि सुरू होतानाच अडतं. तुमच्या मॉडेलवर कोणी हे कार्ड बसवलंय का, ते आधी शोधा.

कार्ड काढताना अँटेनाच्या दोन बारीक वायरी सरळ वर उचला, तिरक्या ओढू नका. बसवताना गोल टोपी बरोबर मधोमध ठेवून नखाने सरळ खाली दाबा, हलकासा ‘टक’ होतो. ती टोपी जेमतेम दोन मिलिमीटरची असते. एकदा वाकली की वायफाय दिसतं, पण राउटरच्या शेजारी बसल्यावरच.

प्रश्न : मुलाने अमेरिकेतून पाठवलेल्या लॅपटॉपवर आमचं घरचं वायफाय दिसत नाही. शेजाऱ्यांची तीन दिसतात, मोबाइलचा हॉटस्पॉटही जोडला जातो. घरातल्या बाकी सगळ्या फोनांवर घरचं वायफाय व्यवस्थित चालतं. फर्मवेअर खराब आहे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : काका, फर्मवेअर चांगलं आहे, ते फक्त तिकडचे नियम पाळतंय. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला आपल्याकडे १ ते १३ चॅनल वापरता येतात, अमेरिकेत मात्र सहसा १ ते ११ च. तिथे विकलेल्या बऱ्याच कार्डांत हे बंधन आतच घातलेलं असतं. तुमचा राउटर स्वतःहून चॅनल निवडत असेल आणि तो १२ किंवा १३ वर जाऊन बसला असेल, तर लॅपटॉपच्या लेखी तुमचं वायफाय अस्तित्वातच नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनलपुढचं ‘ऑटो’ काढून १, ६ किंवा ११ ठेवा. शेजाऱ्यांचा कुठला आहे हे मोबाइलवरच्या एखाद्या वायफाय तपासणाऱ्या अॅपमधून दिसेल, त्यापेक्षा वेगळा निवडा. राउटर लावायला आलेल्या केबलवाल्याला सांगितलंत तरी तो दोन मिनिटांत करून देईल.

प्रश्न : वायफायसाठी बायोस अपडेट करावं असं एका व्हिडिओत सांगितलंय. करू का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : वायफायच्या कार्डाचं फर्मवेअर आणि बायोस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्डाचं फर्मवेअर चुकीचं पडलं तर रीस्टार्ट करून दुसरं ओतता येतं. बायोस मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलं जातं, आणि लिहिताना मधेच वीज गेली तर लॅपटॉप सुरूच न होण्याची भीती असते. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने तुमच्या नेमक्या मॉडेलसाठी, वायफायचा उल्लेख करून अपडेट दिलं असेल तरच करा, आणि तेही कंपनीच्याच संकेतस्थळावरून उतरवून. बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली हवी आणि चार्जर लावलेला हवा. तुमच्याकडे भारनियमनाच्या वेळा ठरलेल्या असतील तर त्या टाळून, सकाळी वीज येऊन स्थिरावल्यावरच बसा. बॅटरी खराब होऊन लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालत असेल, तर आधी बॅटरी बदला, बायोसला तोवर हात लावू नका.